उपवासाचा मासा आणि राज्याचे आरमार

इसवी सन १५६३ हे वर्ष युरोपच्या धार्मिक इतिहासात ट्रेंटच्या धर्मपरिषदेच्या समाप्तीचे वर्ष म्हणून ओळखले जाते. मार्टिन ल्यूथरच्या बंडानंतर कॅथलिक चर्चची फेरबांधणी करण्यासाठी १५४५ पासून अधूनमधून भरत आलेल्या या परिषदेने डिसेंबर १५६३ मधील आपल्या अखेरच्या बैठकीत, उपवास आणि ठरावीक दिवसांचे अन्नवर्ज्य हे देहदमनाचे साधन असल्याने श्रद्धावंतांनी ते कसोशीने पाळावे, असे पुन्हा बजावले. त्याच वर्षी, काही महिने आधी, रोमशी नाते तोडलेल्या इंग्लंडच्या संसदेनेही एक कायदा करून मांस वर्ज्य असलेल्या दिवसांत आठवड्यातून आणखी एका दिवसाची भर घातली होती. मात्र हा कायदा आरमाराच्या जोपासनेसाठी केलेला होता, आणि मासे खाल्ल्याने आत्म्याचा उद्धार होतो असे सांगत फिरणाऱ्यास शिक्षा करण्याची तरतूदही त्यातच होती. दोन्हीकडे वर्ज्य वस्तू एकच होती, परंतु एका ठिकाणी तिच्यामागे मोक्षाचा विचार होता आणि दुसऱ्या ठिकाणी खलाशांच्या संख्येचा. चर्चने घालून दिलेल्या एका आहारनियमावर युरोपातील दर्यावर्दी व्यवसायाचा केवढा डोलारा उभा राहिला होता, आणि धर्माचा आधार निखळल्यावर तो सावरण्यासाठी राज्यसंस्था आणि बाजारपेठ कशा पुढे आल्या, हे या फारकतीतून उलगडत जाते.

मध्ययुगीन पश्चिम युरोपात उपवास म्हणजे अन्नत्याग असा अर्थ सर्वसामान्यांच्या बाबतीत क्वचितच होता. बहुतेकांसाठी तो मांसत्याग होता. येशूला क्रुसावर चढवल्याचे स्मरण म्हणून शुक्रवार, बहुतेक प्रांतांत शनिवार, चार ऋतूंच्या आरंभी येणारे प्रत्येकी तीन दिवस, मोठ्या सणांच्या आदल्या दिवशीचे उपवास आणि ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, असे सर्व दिवस एकत्र धरले तर अनेक धर्मप्रांतांत वर्षाचा सुमारे एक तृतीयांश काळ मांसाविना जात असे. लेंटमध्ये अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य होते. तेराव्या शतकातील धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्विनास याने या नियमाचे कारण असे दिले होते की, चतुष्पाद प्राण्यांचे व पक्ष्यांचे मांस अधिक रुचकर आणि पौष्टिक असल्यामुळे वासना चेतवते. ग्रीक वैद्य गॅलेन याच्या परंपरेतील त्रिदोषसदृश चार रसांच्या सिद्धान्तातही मासा शीत आणि आर्द्र प्रकृतीचा मानला जाई, त्यामुळे तापलेल्या देहाला शांत करणारे अन्न म्हणून त्याची गणना सहज झाली. नियम आला की पळवाटही येते, या न्यायाने बार्नॅकल हंस हा पक्षी समुद्रातील शिंपल्यांतून जन्मतो अशी समजूत पुढे करून तोही उपवासाला चालतो, असा युक्तिवाद काही ठिकाणी केला जात असे.

मांसाची उणीव भरून काढण्याइतके मासे आणायचे कोठून, हा यातील व्यावहारिक प्रश्न होता. मठांची आणि सरदारांची तळी, तेथे पाळलेले कार्प, नद्यांतील साल्मन आणि ईल हे सर्व महाग होते व श्रीमंतांच्याच ताटात पोहोचत असे. इंग्लंडमधील जुन्या वस्त्यांच्या उत्खननात सापडलेल्या माशांच्या काट्यांचा अभ्यास असे दाखवतो की, इसवी सन १००० च्या सुमारास गोड्या पाण्यातील माशांची जागा कॉड आणि हेरिंग या समुद्री माशांनी झपाट्याने घेतली. वाढती नगरे, आटलेल्या व दूषित झालेल्या नद्या आणि उपवासाचे कडक पालन अशी त्याची अनेक कारणे सांगितली जातात. परंतु समुद्रापासून शेकडो मैल आत राहणाऱ्या विणकराला किंवा शेतकऱ्याला ताजा समुद्री मासा मिळणे अशक्यच होते, म्हणून मासा टिकवण्याचे शास्त्र हाच या व्यापाराचा कणा ठरला.

ते शास्त्र माशाच्या चरबीवर अवलंबून होते. कॉडच्या अंगात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे नॉर्वेच्या उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर तो मिठाशिवाय, केवळ थंड कोरड्या वाऱ्यात सुकवता येई. डोके काढलेले मासे शेपटीशी जोडीजोडीने बांधून, कोकण किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात तसे, लाकडी मांडणीवर महिनोन्‌महिने टांगले जात. असा मासा वर्षानुवर्षे टिके, आणि तो बर्गेन बंदरातून युरोपभर पाठवण्याचा व्यवहार हान्झा या जर्मन व्यापारी नगरांच्या संघाने चौदाव्या शतकापासून आपल्या हाती ठेवला होता. हेरिंग मात्र तेलकट असल्यामुळे पकडल्यापासून साधारण एका दिवसाच्या आत त्याला मीठ लागले नाही तर तो खवट होतो. हान्झा संघातील ल्यूबेक नगराचे वैभव बऱ्याच अंशी ल्यूनेबुर्ग येथील मीठ आणि स्वीडनच्या दक्षिण टोकाला, तेव्हाच्या डॅनिश प्रदेशातील स्कोने किनाऱ्यावर शरद ऋतूत मिळणारे हेरिंग या दोहोंची सांगड घालण्यावर उभे होते.

पंधराव्या शतकात हेरिंगचा व्यवसाय हळूहळू उत्तर समुद्राकडे सरकला आणि नेदरलंड्समधील नगरांनी तो उचलला. माशाचे कल्ले आणि आतड्यांचा काही भाग एका छोट्या सुरीने काढून टाकायचा, परंतु यकृत व स्वादुपिंड आतच ठेवायचे, म्हणजे त्यांतील पाचक द्रव्ये मीठ मुरताना माशाला मऊपणा आणि चव देतात, अशी त्यांची खारवण्याची रीत होती; तिचे श्रेय परंपरेने बीर्व्हलीट गावच्या विलेम ब्यूकेल्सझोन या मच्छीमाराला दिले जाते, आणि १५५६ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याच्या थडग्याला भेट दिल्याची नोंद आहे. या रीतीला जोड मिळाली ती बस नावाच्या रुंद पोटाच्या गलबताची, ज्याच्या डेकवरच मासा साफ करून, खारवून, पिंपांत भरता येत असे आणि त्यामुळे खलाशांना आठवडेच्या आठवडे भर समुद्रात राहता येत असे. जूनच्या २४ तारखेपूर्वी, म्हणजे संत योहानाच्या सणापूर्वी, जाळे टाकायचे नाही, मीठ कोणते वापरायचे, पिंप कशा मापाचे असावे आणि त्यावर कोणता शिक्का मारायचा, हे सारे नियमबद्ध होते. सतराव्या शतकाच्या आरंभी एकट्या हॉलंड प्रांताकडे अशी सुमारे पाचशे गलबते होती.

अटलांटिकच्या पलीकडे या मागणीने आणखी मोठी झेप घेतली. १४९७ मध्ये जॉन कॅबट हा दर्यावर्दी इंग्लंडमधील ब्रिस्टलहून निघून न्यूफाउंडलंडच्या परिसरात पोहोचला, आणि तेथे कॉड इतका दाट आहे की टोपल्या बुडवून तो काढता येतो, अशी वार्ता त्याच्या परतीनंतर पसरली. १५०६ मध्ये पोर्तुगालच्या राजाने न्यूफाउंडलंडहून येणाऱ्या माशांवर कर वसूल करण्याची आज्ञा काढली, यावरून अवघ्या दशकभरात हा व्यवसाय किती रुळला होता याची कल्पना येते. फ्रान्सचे ब्रिटनी व नॉर्मंडी हे प्रांत, बास्क प्रदेश आणि पोर्तुगाल येथील गलबते दर वसंतात निघून शरदात परतू लागली. अमेरिकेच्या सोन्याचांदीने इतिहासकारांचे लक्ष अधिक वेधले असले, तरी उत्तर अटलांटिकचे वारे, प्रवाह आणि धुके यांची ओळख करून घेणाऱ्या हजारो सामान्य खलाशांना तेथवर खेचले ते कॉडने, आणि कॉडला गिऱ्हाईक मिळवून दिले ते प्रामुख्याने शुक्रवार आणि लेंट यांनी.

ज्या नियमामुळे हा व्यापार फोफावला, त्याच नियमाविषयीची नाराजी याच काळात उत्तर युरोपात साचत चालली होती. लोण्याऐवजी तेल वापरण्याची अट भूमध्य सागराच्या परिसरात, जेथे ऑलिव्ह पिकते, तेथे जाचक नव्हती. परंतु जर्मनी, फ्रान्सचा उत्तर भाग आणि इंग्लंड येथे चांगले तेल आयात करावे लागे व ते महाग पडे. यावर तोडगा म्हणून चर्चने पैसे घेऊन लोणी खाण्याची मुभा देणारी पत्रे काढली. फ्रान्समधील रूआं येथील कॅथीड्रलचा १४८५ ते १५०६ या काळात बांधलेला एक मनोरा अशा रकमेतून उभारला गेल्यामुळे आजही लोण्याचा मनोरा म्हणूनच ओळखला जातो. १५२० मध्ये जर्मन सरदारवर्गाला उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत ल्यूथरने नेमके या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले: रोममधील मंडळी स्वतः उपवासाला हसतात, इतरांना मात्र जे तेल आपण जोड्यांनाही लावणार नाही ते खायला लावतात आणि वर लोणी खाण्याचे स्वातंत्र्य विकतात, असा त्याचा आरोप होता. रोमशी फारकत न घेतलेल्या इरॅस्मस या विद्वानानेही १५२६ मध्ये एक खाटीक आणि एक खारे मासे विकणारा यांच्यातील दीर्घ संवाद लिहून, मानवी नियमांना ईश्वरी आज्ञेचे वजन का दिले जाते, हा प्रश्न उपहासाच्या अंगाने मांडला.

ही नाराजी प्रत्यक्ष कृतीत उतरली ती स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे. ९ मार्च १५२२ रोजी, लेंटच्या पहिल्या रविवारी, क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी जमलेल्या मंडळींनी धूर देऊन सुकवलेले सॉसेज वाटून खाल्ले. उलरिख झ्विंग्ली हा धर्मोपदेशक तेथे हजर होता, मात्र त्याने स्वतः खाल्ले नाही. फ्रांकफुर्टच्या जत्रेपूर्वी छपाईचे काम उरकण्यासाठी कामगारांना रात्रंदिवस राबावे लागत होते आणि केवळ लापशीवर ते भागण्यासारखे नव्हते, असा बचाव फ्रोशाउअरने नगरसभेपुढे केला. दोनच आठवड्यांनी झ्विंग्लीने अन्नाच्या निवडीविषयी प्रवचन दिले आणि एप्रिलमध्ये ते छापूनही आणले. ख्रिस्ती माणसाने काय खावे हे बायबलने मोकळे सोडले असेल तर चर्चला ते बांधण्याचा अधिकार नाही, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. १५२३ च्या जानेवारीत झालेल्या जाहीर वादसभेनंतर झुरिक सुधारणावादी पक्षात गेले. धर्मसुधारणेची सुरुवात विटेनबर्गमध्ये पापक्षालनाच्या पत्रांवरून झाली असे मानले, तर स्वित्झर्लंडमध्ये ती ताटावरून झाली असे म्हणावे लागते.

समुद्रकिनारा नसलेल्या झुरिकला उपवास मोडल्याचा आर्थिक फटका बसण्याचे फारसे कारण नव्हते. इंग्लंडची स्थिती वेगळी होती. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये लेंटमध्ये दूध, लोणी, अंडी खाण्यास मुभा दिली. १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त झाले आणि त्यांच्याबरोबर खाऱ्या माशांचे मोठे घाऊक गिऱ्हाईक नाहीसे झाले. सहाव्या एडवर्डच्या राजवटीत देश उघडपणे प्रॉटेस्टंट झाला, तरीही १५४९ च्या कायद्याने उपवासाचे दिवस कायम ठेवले. कोणतेही अन्न मुळात अपवित्र नाही हे मान्य करूनच, मच्छीमारांना काम मिळावे आणि मांसाची बचत व्हावी, ही कारणे त्यात पुढे करण्यात आली. मांस खाणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी १० शिलिंग दंड आणि १० दिवसांची कैद ठरली. धर्माच्या नियमातून धर्म काढून घेऊन नियम तेवढा ठेवण्याचा हा पहिला प्रयत्न होता.

एलिझाबेथ राणीचा प्रमुख मंत्री विल्यम सेसिल याने हा विचार पूर्णत्वाला नेला. त्या काळी इंग्लंडकडे कायमस्वरूपी पगारी खलाशांचे आरमार नव्हते. युद्ध आले की व्यापारी आणि मच्छीमार गलबतांवरील माणसेच राजाच्या जहाजांवर भरती केली जात. लहान वयात जाळ्यावर काम करून तयार झालेला पोरगा पुढे तोफांच्या जहाजावर उपयोगी पडतो, म्हणून मच्छीमारी ही आरमाराची शाळा आहे, असा युक्तिवाद सेसिलने केला. आणि किनाऱ्यावरील मच्छीमार गावे ओस पडत असल्याची काळजी त्याच्या टिपणांतून दिसते. या अवनतीला उपवास मोडणे हे एकच कारण नव्हते, कारण आइसलंडच्या समुद्रावर डेन्मार्कच्या राजाने आवळलेला फास आणि डच गलबतांची स्पर्धा हीदेखील तितकीच महत्त्वाची होती. तथापि लोकांच्या ताटावर कायद्याने हात ठेवणे राज्यसंस्थेला परराष्ट्रांशी झुंजण्यापेक्षा सोपे वाटले.

१५६३ च्या कायद्याने शुक्रवार आणि शनिवार यांच्या जोडीला बुधवार हा माशांचा दिवस ठरवला. मांस खाणाऱ्यास ३ पौंड दंड किंवा तीन महिन्यांची कैद अशी शिक्षा होती, जी मजुराच्या दृष्टीने जबर होती. बुधवारी मात्र माशांचे तीन पदार्थ वाढले असतील तर मांसाचा एक पदार्थ चाले. ज्यांना ही बंदी नको असेल त्यांनी परवाना घ्यावा आणि त्याबद्दल आपल्या पॅरिशच्या गरिबांच्या पेटीत दर वर्षी रक्कम टाकावी, अशी सोय होती. उमरावांसाठी ही रक्कम २६ शिलिंग ८ पेन्स, नाइट पदवीधारकांसाठी १३ शिलिंग ४ पेन्स आणि इतरांसाठी ६ शिलिंग ८ पेन्स होती. आजाऱ्यांना धर्मगुरूच्या दाखल्यावर सूट मिळे. हा उपवास धर्मकृत्य आहे असा प्रचार करणाऱ्यास खोट्या बातम्या पसरवणाऱ्याची शिक्षा द्यावी, ही तरतूद कट्टर प्रॉटेस्टंटांची समजूत घालण्यासाठी होती, कारण त्यांना या कायद्यात पोपच्या पुनरागमनाचा वास येत होता. लोकांनी नव्या बुधवाराला सेसिलचा उपवास असे कुत्सित नाव दिले. पैसे भरून सूट घेण्याची रोमची जी पद्धत ल्यूथरला खुपली होती, तीच इंग्लंडमध्ये गरिबांच्या पेटीच्या मार्गाने परत आली, ही गोष्टही या व्यवस्थेच्या टीकाकारांच्या पथ्यावर पडणारी होती.

कायदा कागदावर कडक असला तरी त्याची अंमलबजावणी जेमतेम झाली. खाटिकांकडून लेंटमध्ये हमीपत्रे लिहून घेतली जात, खानावळींची झडती होई, दर वर्षी राजाज्ञा वाचून दाखवल्या जात. परंतु ज्या उपवासामागे पापाची भीती उरली नाही तो केवळ दंडाच्या भीतीने पाळला जाईना. बुधवारची सक्ती १५८५ मध्ये मागे घेण्यात आली. शुक्रवार व लेंटविषयीच्या आज्ञा पुढील दोन राजांच्या काळातही निघत राहिल्या आणि सतराव्या शतकाच्या मध्यावरील यादवी युद्धात त्यांचा जोर ओसरला. दरम्यान रॉबर्ट हिचकॉक याने १५८० मध्ये चारशे मच्छीमार गलबते बांधण्याची योजना छापली, आणि १६१४ मध्ये टोबायस जेंटलमन याने डच गलबतांचे तपशीलवार वर्णन करून इंग्रजांना त्यांचे अनुकरण करण्यास सांगितले. खाणाऱ्यावर सक्ती करण्यापेक्षा पकडणाऱ्याला भांडवल पुरवावे, असा रोख या लेखनात वाढत गेलेला दिसतो.

कॅथलिक देशांत याच काळात उपवास ही केवळ भक्तीची नव्हे तर निष्ठेची खूण बनली. स्पेनमध्ये शुक्रवारी मांस खाणे हा ल्यूथरपंथी असल्याचा पुरावा मानला जाऊ लागला आणि इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करणाऱ्या न्यायासनाच्या, खटल्यांत तसे आरोप येऊ लागले. पीटर ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराच्या १५५९ मधील चित्रात पिंपावर बसलेला लठ्ठ कार्निव्हल, म्हणजे लेंटपूर्वीचा खाण्यापिण्याचा उत्सव, आणि लाकडी फावड्यावर दोन हेरिंग घेऊन आलेला कृश लेंट एकमेकांसमोर ठाकलेले दिसतात. ही सणासुदीची नेहमीची चेष्टा होती, तरी चित्र रंगवले गेले तेव्हा हाच संघर्ष नेदरलंड्सच्या गावागावांत धर्मपंथांच्या रूपाने पेटण्याच्या बेतात होता.

एकीकडे ताटावरून पंथ ओळखला जात असताना, दुसरीकडे मासा मात्र पंथांची सीमा बिनदिक्कत ओलांडत होता. १५७८ मध्ये अँथनी पार्कहर्स्ट या इंग्रज व्यापाऱ्याने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर स्पेनची सुमारे १००, फ्रान्सची १५०, पोर्तुगालची ५० आणि इंग्लंडचीही जवळपास पोर्तुगालइतकीच गलबते असल्याचा अंदाज कळवला. १५८३ मध्ये हम्फ्री गिल्बर्ट या इंग्रजाने न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स बंदरात राणीच्या नावाने ताबा जाहीर केला तेव्हा तेथे निरनिराळ्या देशांची ३६ गलबते नांगरलेली होती. १५८५ पासून इंग्लंड व स्पेन यांच्यात युद्ध जुंपले, इंग्रजांनी न्यूफाउंडलंडजवळ पोर्तुगीज मच्छीमार गलबते पकडली, स्पेनच्या राजाने आपल्या मच्छीमारांची जहाजे व खलाशी इंग्लंडवरील १५८८ च्या आरमारी मोहिमेसाठी ओढून घेतले, आणि इबेरियन मच्छीमारी खचली. १६०४ च्या तहानंतर याचा लाभ इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील प्लिमथ, डार्टमथ यांसारख्या बंदरांनी उचलला. इंग्रजांकडे स्वस्त मीठ नसल्याने ते थोडे मीठ लावून कॉड किनाऱ्यावर सुकवत, आणि नेमका हाच कोरडा मासा उष्ण दक्षिणेत अधिक टिके. त्यामुळे प्रॉटेस्टंट गलबते न्यूफाउंडलंडहून थेट लिस्बन, कादिझ आणि इटलीच्या बंदरांत जाऊ लागली आणि तेथून मद्य, तेल, सुकामेवा घेऊन घरी परतू लागली. जो उपवास लंडनमध्ये कायद्याने टिकवता आला नाही, तो सेव्हिल आणि नेपल्समध्ये श्रद्धेने टिकल्यामुळे सेसिलला हवे असलेले खलाशी इंग्लंडला मिळाले. कॅल्विनपंथी हॉलंडचे हेरिंगही कोलोनपासून पोलंडपर्यंतच्या कॅथलिक घरांत असेच पोहोचत होते.

माशांच्या या व्यापाराने समुद्राच्या मालकीचा प्रश्नही ऐरणीवर आणला. डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस याने १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मारे लिबेरुम’ या ग्रंथात समुद्र कोणाच्याही मालकीचा असू शकत नाही असे प्रतिपादन केले. त्याचा रोख गोव्याहून हिंदी महासागरावर हुकूम चालवणाऱ्या आणि कोकण-गुजरातच्या गलबतांना कर्ताझ नावाचा परवाना घ्यायला लावणाऱ्या पोर्तुगीजांवर होता. परंतु त्याच वर्षी इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने आपल्या किनाऱ्यालगत हेरिंग पकडणाऱ्या परकीयांना परवाना सक्तीचा केला. स्कॉटिश विद्वान विल्यम वेलवुड याने किनाऱ्याजवळचे मासे अमर्याद नसल्याने त्यांचे रक्षण करण्याचा हक्क राजाला आहे असे मांडले, आणि १६३५ मध्ये जॉन सेल्डनने बंदिस्त समुद्राच्या बाजूने मोठा ग्रंथ लिहून ग्रोशियसला उत्तर दिले. १६५२ मध्ये इंग्लंड आणि डच प्रजासत्ताक यांच्यात पहिले युद्ध सुरू झाले तेव्हा अॅडमिरल ब्लेकने आपला मोर्चा प्रथम डच हेरिंग गलबतांकडेच वळवला. लढणारे दोन्ही देश प्रॉटेस्टंट होते. धर्मबंधुत्वापेक्षा माशांचे पाणी अधिक मोलाचे ठरले होते.

या साऱ्या प्रवासात धर्माने दर्यावर्दीपण घडवले असे सरसकट म्हणता येत नाही, तसेच धर्म केवळ निमित्त होता असेही म्हणता येत नाही. चर्चच्या नियमाने शतकानुशतके निश्चित तारखांना निश्चित मागणी निर्माण केली. त्या मागणीच्या भरवशावर मीठ, पिंप, गलबत आणि कर्ज यांची साखळी उभी राहिली. आणि नियमावरची श्रद्धा एका भागात उडाली तेव्हा साखळी तुटली नाही, तिने दुसऱ्या भागातील श्रद्धेशी व्यवहार जुळवला. इंग्लंडच्या कायद्याचे अपयश हेच दाखवते की, राज्यसंस्थेला रूढीचे बाह्यरूप उचलता येते, पण तिच्यामागची प्रेरणा आज्ञेने निर्माण करता येत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर या व्यापाराच्या एका भागाला धर्माची गरजही उरली नाही, कारण कॉडमधला हलका, तुटका, खराब सुकलेला माल कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या शिध्यासाठी जाऊ लागला. चर्चने देहाला स्वेच्छेने लावायचे बंधन म्हणून जे अन्न नेमून दिले होते, ते आता ज्यांना इच्छाच विचारली जात नव्हती अशा माणसांना मोजून दिले जाऊ लागले, आणि त्या हिशेबात शुक्रवार व रविवार यांत कोणताही फरक नव्हता.